वाल्मीकचा पहिला मांडा

पैज लागली ती एका फाटक्या मांड्यावरून.

अमळनेरला एका बंद पडलेल्या तेल मिलच्या कडेला आमची ही गल्ली. मिलमधलं तेल कधीच आटलं, पण वारा पडला की भिंतीला अजून सरकीचा वास येतो. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कुंदाबाईने चूल पेटवली होती. लग्नाची ऑर्डर होती. पालथं घातलेलं खापर चांगलं लाल तापलेलं, आणि कुंदाबाई पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत पसरवत होती. मांडा असा पातळ व्हायचा की पलीकडचा माणूस दिसावा. मग तो अल्लद खापरावर टाकायचा. तालुक्यात तिच्या हाताला तोड नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

नेमका त्यातला एक मांडा हवेतच टरकन फाटला.

समोरच वाल्मीकची, टपावर भोंगा बांधलेली ॲपे रिक्षा उभी होती. वाल्मीक म्हणजे गावाचा भोंगा. सेल लागला, बकरी हरवली, रक्तदान शिबिर आहे, कुणी वारलं, सगळं गाव त्याच्या तोंडून ऐकायचं. पन्नाशी उलटली तरी अंगातला खोडकरपणा काही उलटला नव्हता. मागच्या थंडीत त्याने भोंग्यावरून जाहीर केलं होतं की एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर पितांबर नाना यांच्या घरी आज संध्याकाळी भरीत पार्टी आहे, प्रत्येकाने आपापलं ताट आणावं. सगळी गल्ली ताटं घेऊन दारात उभी. पितांबर नाना बिचारा वांगी शोधत बाजारभर पळाला होता.

तर मांडा फाटला आणि वाल्मीकने माइक उचलला.

"ऐका हो ऐका. कुंदाबाईंचा एक मांडा आत्ताच, राहत्या जागी, फाटून वारला. अंत्यविधी लगेच. पुरण घरचंच आहे."

वऱ्हाडाची माणसं हसली. कुंदाबाईने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

"वाल्मीक भाऊ, तुले येस का मांडा करता?"

"काय मोठं शे त्यामा? हात फिरावाना, झालं."

"मंग करी दखाड."

"फुकटमा नही," वाल्मीक म्हणाला. "पैज लाव."

आता खरं तर वाल्मीकला मांडा-बिंडा काही करायचा नव्हता. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. कुंदाबाईचा मुलगा, त्याचं नाव नवीन, चुलीत काड्या सारायला बसला होता, तो मघाशीच उठून मिलच्या भिंतीमागे गेला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, बारावीच्या गणितात दोनदा अडकलेला, बाप केळीचा ट्रक घेऊन महिना महिना दिल्लीच्या वाटेवर. जाताना त्याचे पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते, आणि जळकं लाकूड त्याने उलट्या टोकाने धरलं होतं, तरी त्याला ते कळलं नव्हतं.

वाल्मीक कधी कधी भिंतीमागच्या सावलीत रिक्षा लावायचा. तिथे त्याला गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली होती. झोपेच्या, डोकं सुन्न करणाऱ्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा. त्याची मुलगी संघमित्रा सरकारी दवाखान्यात नर्स. तिने पाकीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे खेळणं नाही."

पण सांगायचं कुणी? या गल्लीत एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या गायीला हाकलावं, दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊ नये. पितांबर नानाने एकदा एका बाईला तिच्या पोराच्या बिडीचं सांगितलं होतं. त्या बाईने नानाशी असं भांडण मांडलं की वर्षभर दोन्ही घरांचं हळदीकुंकू बंद. आणि कुंदाबाईला सांगायचं म्हणजे तापलेल्या खापराला हात लावणं.

म्हणून वाल्मीकने पैजेचा डाव टाकला, मुदत आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची.

"आयक," तो म्हणाला. "मिलनी भितना मांगे पोरे बठतस ना? आखाजीपर्यंत तठे एक बी पोऱ्या दिसावू नही. ना मारझोड, ना पोलिस. मी हारनू तर आखाजीले चौकमा, बठ्ठासना समोर, तुन्हा खापरवर मांडे करसू."

कुंदाबाईला हसू आवरेना. "तुन्हाकडथीन? तुले तुन्ही बकरी तरी आयकस का?"

"आणि तू हारनी तर मन्ही रिक्षामा बठीसन गावभर सांगानं, भोंगावर, की वाल्मीक कुंदाबाईथीन शहाणा शे."

ओट्यावर वाल्मीकची आई केसरबाई तूर निवडत बसली होती. सगळी गल्ली तिला आजी म्हणते आणि घाबरते. ती म्हणाली, "मी साक्षी. कुंदा, रोज सांजले जाईसन तू मोज. तुन्ही पैज, तूच मोजणी कर."

वाल्मीकने मिशीत हसून आईकडे बघितलं. म्हातारीला सगळं कळलं होतं. त्याला हेच हवं होतं. कुंदाबाईने रोज संध्याकाळी, स्वतःच्या पायाने, भिंतीमागे जाऊन बघावं.

*

आणि कुंदाबाई जाऊ लागली. पैज जिंकायची तर हौसच आली तिला. पदर खोचून जायची, भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकावायची, आणि परत येताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "आज बी चार शेतस."

"कोन कोन?" वाल्मीक विचारायचा.

"नवीनले सोडीसन चार."

"नवीनले काबर सोडं?"

"तो काय त्यासमा शे? तो सहज जास. मोबाइलले रेंज येस तठे."

पुढच्या दिवशी, नवीनला सोडून तीन. त्याच्या पुढच्या दिवशी, नवीनला सोडून पुन्हा चार. वाल्मीकने दोन-तीनदा मोजणी दुरुस्त करून बघितली, पण कुंदाबाईच्या गणितात तिचा पोरगा बसायचाच नाही. गणित त्या घरात दोघांनाही जड होतं.

इकडे वाल्मीकने आपला पहिला डाव खेळला. भिंतीमागे रोज दिवेलागणीला पांढऱ्या गाडीवरून एक जण यायचा. डोक्यावर टोपी, कानात वायर, गाडी बंद न करताच दोन मिनिटं थांबायचा आणि जायचा. वाल्मीकने त्याला हाकलायचं नाही असं ठरवलं. हाकललेला माणूस दुसऱ्या गल्लीत जातो, आणि तिथून पुन्हा येतो.

त्या संध्याकाळी पांढरी गाडी वळली तशी वाल्मीकची रिक्षा मागून आडवी लागली. भोंगा खाकरला.

"सन्माननीय पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे. आपल्या गल्लीतल्या पोरांची रोज, न चुकता, स्वतःचं पेट्रोल जाळून विचारपूस करणारे हे गृहस्थ. आज त्यांचा जाहीर सत्कार. सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात."

घरोघरून माणसं बाहेर आली. खुर्ची आली. नारळ आला. पितांबर नानाच्या हातातून त्याची निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल, प्लास्टिकच्या पिशवीसकट, वाल्मीकने काढून घेतली आणि पाहुण्याच्या खांद्यावर टाकली. बायकांनी ओवाळलं. दहा मोबाइलवर फोटो निघाले. पाहुणा टोपी खाली ओढत होता, पण टोपीला खाली जायला तरी किती जागा असणार.

मग केसरबाई काठी टेकत पुढे आली. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हनुवटी धरून चेहरा वर केला.

"बेटा, कोना पोऱ्या तू?"

पाहुण्याने हनुवटी सोडवून घ्यायला बघितलं.

"आईनं माहेर कोनतं?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघतं. त्याच्या तोंडून गावाचं नाव निसटलं. केसरबाईचा चेहरा उजळला.

"अरे, त्या गावले मन्ही बहीण दियेल शे. तुन्ही आईनं नाव सांग, आत्ते फोन लावूत. तिले बी कळू दे ना पोऱ्याना सत्कार झाया."

पाहुण्याने खुर्ची लाथाडली, गाडीला किक मारली, रिक्षाच्या आणि गटाराच्या मधून कशीबशी वाट काढली आणि पसार झाला. नारळ इथेच राहिला. शाल मात्र त्याच्याबरोबर गेली.

"मन्ही शाल," पितांबर नाना म्हणाला. "वाल्मीक, ती विभाग नियंत्रकना हातनी शाल व्हती."

गल्ली हसून हसून लोळली. संघमित्रा तेवढी हसली नाही. गाडीचा नंबर ध्यानात ठेवून तिने तशीच स्कूटी पोलिस स्टेशनला वळवली. ती परत आली तेव्हा कुंदाबाईने तिला अडवलं.

"काय व पोरी, पोलिस नही असं ठरेल व्हतं."

"पोरांवर पोलिस नाही असं ठरलं होतं, काकू. विकणाऱ्यावर कुठे ठरलं होतं?"

"विकणारा?" कुंदाबाई थांबली. "काय विकस तो?"

संघमित्राने बापाकडे बघितलं. बाप रिक्षाचा आरसा पुसत होता. मग तिने सगळं सांगितलं, गोळ्यांचं, त्या पाकिटांचं. कुंदाबाईने नीट ऐकून घेतलं. शेवटी पदर सारखा करून म्हणाली, "बाई बाई, काय एकेक पोरे. बरं की मन्हा नवीन तसा नही."

*

चार-पाच संध्याकाळी भिंतीमागे कुणीच दिसेना. वाल्मीक कॉलर ताठ करून फिरू लागला. कुंदाबाईला भोंग्यावर काय काय म्हणायला लावायचं याची तालीमही त्याने सुरू केली. "'शहाणा' शब्दवर जोर दे," तो तिला म्हणायचा.

आणि मग एका सकाळी नवीन चुलीपाशी पडला.

काड्या सारता सारता त्याचा हात थरथरला, मान मागे गेली, आणि सगळं अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. कुंदाबाईच्या हातातला मांडा राखेत पडला. कुणी कांदा फोडला, पितांबर नाना आपली चप्पल त्याच्या नाकाशी धरायला धावला. संघमित्रा ड्युटीला निघाली होती. तिने नानाचा हात बाजूला केला, चुलीजवळून नवीनला ओढला, कुशीवर वळवला.

"तोंडात काही घालू नका. बाबा, रिक्षा."

रिक्षा निघाली. मागे नवीन, त्याचं डोकं आईच्या मांडीवर, शेजारी संघमित्रा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस, रस्ता भाजीच्या हातगाड्यांनी भरलेला. वाल्मीकने माइक उघडला.

"रस्ता द्या. पेशंट आहे. बाजूला व्हा."

लोकांनी वळून बघितलं. वाल्मीकची रिक्षा ओळखली. आणि हसायला लागले.

"काय वाल्मीक भाऊ, आज कोना मांडा वारना?" एका गाडीवाल्याने विचारलं. कुणी टाळी दिली. कुणी हललं नाही.

वाल्मीकने पुन्हा माइक तोंडाशी नेला, तसे लोक आणखीच हसले. तीस वर्षं या रस्त्यावर त्याचा आवाज चालला होता. प्रत्येक वेळी त्या आवाजाच्या मागे काहीतरी गंमत होती, आणि लोकांनी ती गंमत इतकी प्रेमाने घेतली होती की आता त्या आवाजाला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

माइक मागून कुणीतरी काढून घेतला. कुंदाबाईने.

"मन्हा आंडोर शे," ती म्हणाली. भोंग्यातून तिचा आवाज फाटून आला. "मन्हा नवीन शे. वाट द्या रे दादासहोन."

मेथीवाल्याने गाडी अशी ओढली की अर्ध्या जुड्या रस्त्यावर सांडल्या. पुढच्याने त्याच्या पुढच्याला हाक दिली. रस्ता फाटत गेला, आणि रिक्षा मेथीवरून दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी नवीनला सांभाळलं. बाहेर येऊन सांगितलं, गोळ्या रोज घेत होता, मिळायच्या बंद झाल्या तशा एकदम सुटल्या, म्हणून झटका आला. या गोळ्या अशा तोडायच्या नसतात, डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू उतरवायच्या असतात. आता बरा आहे, पण धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

संघमित्रा बापाजवळ आली. "बाबा, तुम्ही दुकान बंद केलंत. दुकान बंद झालं म्हणून भूक बंद होते का?"

वाल्मीकने मान हलवली. सत्काराच्या नादात हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. साऱ्या गल्लीच्याच डोक्यात आला नव्हता. पाहुणा गेला, विषय मिटला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

बाकावर कुंदाबाई बसली होती. हातावर पीठ वाळलं होतं.

"तुले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"व्हतं."

"मंग माले काबर नही सांगं?"

"सांगता तर तू काय करती?"

कुंदाबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "झाडू लिसन तुन्हा मांगे लागती."

"म्हणीसन."

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खाट ढकलत गेला.

"रोज जाईसन मोजं मी," कुंदाबाई म्हणाली. "त्याले सोडी सोडी मोजं."

*

नवीन धुळ्याला काही आठवडे राहिला. वाल्मीक आणि कुंदाबाई एस.टी.ने त्याला भेटायला जात. पितांबर नानाने वाहकांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दोघांना खिडकीची जागा मिळे. बाप दिल्लीहून आला, पोराच्या पायाशी चार दिवस बसला, आणि ट्रकमधल्या गाण्यांखेरीज दुसऱ्या कशावर पहिल्यांदाच पोराशी बोलला.

एकदा कुंदाबाई औषधं आणायला गेली होती तेव्हा वाल्मीकने नवीनला विचारलं. रागावून नाही, भोंगा बिघडला तर मिस्तरीला विचारतात तसं.

"त्या भितना मांगे असं काय व्हतं रे? तठे काय सापडे तुले?"

नवीन खिडकीबाहेर बघत राहिला. "काका, तिथं कोणी विचारत नव्हतं."

"काय?"

"पुढं काय करणार म्हणून. घरी आई विचारते. ओट्यावर नाना विचारतो. दुकानात गेलं तर दुकानवाला विचारतो. तुम्ही पण, भोंग्यावरून एकदा विचारलं होतं, 'बारावीचे सम्राट नवीन, पुढचा मुक्काम कुठे?' सगळे हसले होते." तो स्वतःही थोडा हसला. "भिंतीमागं पोरं नुसती बसायची. मी तिथं बसायला जायचो, गोळीसाठी नाही. ती तिथं होती, म्हणून घेतली. मग ती राहिली, बाकी सगळं गेलं."

परतीच्या एस.टी.त कुंदाबाईने पुढे केलेली भजी वाल्मीकने तशीच परत केली. कुंदाबाईला वाटलं त्याचं पोट बिघडलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि नवीनचं म्हणणं सांगितलं. बाकी गल्लीतल्या चार घरांनी तेव्हाच एकमेकांकडे बघितलं, कारण मोजणीतले बाकीचे चार त्यांचेच होते. मग कुंदाबाई म्हणाली, "मन्हा व्हता त्यामा. आते तुम्हनं तुम्ही सांगा." तिने असं म्हटल्यावर बाकीच्यांना अवघड राहिलं नाही. तो न लिहिलेला कायदा त्या ओट्यावर, भरदुपारी, मोडला. संघमित्राने त्या चौघांनाही दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेही रांगेत नाही, एकेकाला, स्कूटीवर मागे बसवून, जणू भाजी आणायला.

आणि भिंतीमागची जागा? पितांबर नाना म्हणाला काटे टाकून बुजवून टाका. केसरबाई म्हणाली, "काबर? जागानं काय चुकनं?"

तिच्या म्हणण्यावरून गल्लीने उलटं केलं. भिंतीमागच्या बाभळी तोडल्या, काचा वेचल्या. कडुनिंबाला आखाजीचा झोका लवकरच बांधून टाकला. एका खांबावर दिवा आला. कुणाचा कॅरम आला, कुणाची खाट. कुंदाबाईने आपलं खापर तिथे हलवलं, तिथे सावली बरी म्हणाली. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी मोठं माणूस तिथे बसायचं, पण लक्ष ठेवायला आलोय असं दाखवायचं नाही. तूर निवडायची, पेपर वाचायचा, झोपायचं सुद्धा.

एकच नियम, केसरबाईने केलेला. तिथे कुणाही पोराला 'पुढं काय' विचारायचं नाही. जो विचारेल त्याने पाण्याचा माठ भरायचा.

पहिल्याच संध्याकाळी पितांबर नाना एका पोराला म्हणाला, "काय बेटा, मंग आते पुढं..." आणि जीभ चावली. माठ भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी पोरं मुद्दाम त्याच्याजवळ बसू लागली, कारण नानाने आणलेलं पाणी थंड असायचं. वाल्मीकलाही एकदा भरावा लागला. तो म्हणाला, मी भोंग्यावरून विचारलं, भोंग्याने भरावा. केसरबाईने काठी उचलली, त्याने माठ उचलला.

नवीन आला तेव्हा त्याचे गाल खोल गेलेले, पण पाय जमिनीवर टेकत होते. गोळ्यांच्या उतरत्या मात्रेची पुडी संघमित्राकडे असायची, तो रोज तिच्याकडून घ्यायचा. पहिले दोन दिवस घरातच बसला. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईने हाक मारली, "चूल पेटाडानी शे, ये." तो आला, काड्या सारू लागला. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना विचारायचं होतं, पण माठ समोर होता.

सगळं गोड झालं असं नाही. एका संध्याकाळी नवीन उठून स्टेशनच्या रस्त्याला लागला आणि अर्ध्यावरून परत आला. घामेजला होता. सरळ संघमित्राच्या दारात जाऊन म्हणाला, "ताई, मी निघालो होतो." तिने त्याला बसवून चहा दिला. त्या चौघांतला एक अजून मधूनच गायब होतो. पण त्याची आई आता घरात कोंडून घेत नाही, कुंदाबाईच्या खापराजवळ येऊन बसते, आणि मोठ्याने सांगते की आज गेला आहे. मग दोघं-तिघं उठून त्याला शोधायला जातात.

*

आखाजी आली. लेकी माहेरी आल्या, गल्लीत आमरसाचा वास सुटला, चौकात पुरुषांच्या पत्त्यांच्या बैठका बसल्या. दुपार कलली तसा वाल्मीक नवा शर्ट घालून भोंगा पुसत उभा राहिला.

"चाल कुंदाबाई," तो म्हणाला. "गावभर फिरानं शे. 'शहाणा' शब्दवर जोर."

"थांब," कुंदाबाई म्हणाली. "पैज काय व्हती, ते सांग बठ्ठासले."

"भितना मांगे एक बी पोऱ्या दिसावू नही."

"हां. चाल मंग, मोजूत."

सगळी गल्ली तिच्या मागे भिंतीकडे गेली. कोपऱ्यावर वाल्मीक थांबला. त्याचं तोंड उघडं पडलं.

कडुनिंबाच्या झोक्यावर पोरी. कॅरमभोवती पोरं. खाटेवर, माठाजवळ, भिंतीवर पाय सोडून, कुठून कुठून आलेली पोरं. शेजारच्या गल्लीतली, त्याच्या पलीकडच्या गल्लीतली. पितांबर नाना मधोमध झोपला होता, पोटावर पेपर, आणि दोन पोरं त्याच्या घोरण्याला ताल देत होती.

वाल्मीकला स्वतःच्याच डावाचा उलटा पेच दिसला. गेले कित्येक दिवस त्यानेच ही जागा बसण्यासारखी केली होती. आता ती ओस पडेल अशी पैज तो जिंकणार कसा?

कुंदाबाईने बोट उचललं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"एक," ती म्हणाली, आणि चुलीपाशी काड्या सारणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. "मन्हा नवीन."

मग तिचं बोट पुढच्याकडे गेलं, पण मोजणी पुढे सरकेना. केसरबाई म्हणाली, "पुरे. एक बी नही असं ठरेल व्हतं. एक शे. वाल्मीक हारना."

"आई, तू मन्ही आई शे ना?"

"साक्षी शे मी."

चौकात खापर आलं. पत्त्यांच्या बैठका उठल्या, माहेरवाशिणी ओट्यांवर उभ्या राहिल्या, पोरं भिंतीवर चढली. रिक्षात, वाल्मीकच्या जागेवर, कुंदाबाई बसली आणि माइक हातात घेतला. शेवटच्या क्षणी पितांबर नाना डोळे चोळत आला, त्याच्या हातात शाल. रेल्वे फाटकाच्या काटेरी झाडात अडकलेली कुणा गुराख्याला सापडली होती, अंगावर चार भोकं. ती त्याने वाल्मीकच्या खांद्यावर टाकली.

"सन्माननीय मांडेकर वाल्मीक भाऊ," कुंदाबाईने भोंग्यावर सुरू केलं, आणि बोली सोडून चक्क शुद्ध भाषेत शिरली, "आपल्या जीवनातला पहिला मांडा सादर करत आहेत. लहान मुलांनी लांब उभं राहावं."

पहिला मांडा वाल्मीकच्या कोपराभोवती गुंडाळला आणि सुटेना. तो दोघांनी मिळून सोलावा लागला. दुसरा वर गेला आणि खाली आला तो शालीवर. नाना डोळे मिटून घेऊन म्हणाला, "विभाग नियंत्रक." गल्ली हसत होती, वाल्मीक घामाघूम झाला होता, पुरण त्याच्या मिशीत होतं, आणि इतकं सुख त्याला कधीच कुणाची टर उडवून झालं नव्हतं.

तिसऱ्याला नवीन चुलीपासून उठला. लहानपणापासून आईचे हात बघत आलेला पोरगा. वाल्मीकच्या मागे उभा राहून हळूच म्हणाला, "काका, बोटं नका वापरू. मनगट ढिलं सोडा. तो स्वतःच पसरतो."

वाल्मीकने मनगट ढिलं सोडलं. मांडा पसरला, कडेला फाटला, मधे जाड राहिला, नकाशासारखा वाकडा झाला, पण खापरावर पोचला. फुगला एका कोपऱ्यात.

"आते कोन खाई हाऊ?" केसरबाईने विचारलं.

लोक मागे सरले. नवीनने खापरावरून मांडा उतरवला, घडी घालायचा प्रयत्न केला, ती जमेना. मग एक तुकडा तोडून तोंडात टाकला, नीट चावला.

"कच्चा शे," तो म्हणाला. आणि दुसरा तुकडा तोडला.